ब्रूनोचे वीस महिने : उतारवयात दत्तक आलेल्या कुत्र्याचं एक प्रकरण

प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आहे. कुळागराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला चिऱ्याचं कौलारू घर, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची उघडी ओसरी, अंगणात उतरायला तीन पायऱ्या. घरात ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक एकटेच राहतात. पत्नीला जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगी पुण्यात, मुलगा आखातात. पुढे त्यांना काका म्हटलं आहे, वाड्यावरही त्यांना हेच म्हणतात.

कुत्रा लॅब्राडोरच्या मिश्र वंशाचा, नर, नसबंदी झालेला, २६ किलो वजनाचा. बार्देशात भाड्याने राहणारं कुटुंब परराज्यात परतलं आणि हा फाटकाबाहेर राहिला. किनारपट्टीवर हे दर वर्षी होतं. पावसाळ्यात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळी, बंद होतात, भाडेकरार संपतात, आणि माणसाच्या हातून खायची सवय लागलेली कुत्री रस्त्यावर येतात. पाळलेलं जनावर भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण घर रिकामं झाल्यावर तक्रार करणार कोणाविरुद्ध? चार महिने निवाऱ्यात काढून नोव्हेंबरात ब्रूनो काकांकडे आला आणि मधलं एक वर्ष सोडून त्यापुढच्या जूनमध्ये गेला.

वैद्यकीयदृष्ट्या यात दुर्मीळ काही नाही. म्हातारी सांधेदुखी, गोचीडताप, हळूहळू थकत जाणारी मूत्रपिंडं. प्रकरण मांडण्याचं कारण वेगळं आहे. या वीस महिन्यांत शेवट आला का, हा प्रश्न घरच्यांसमोर दोनदा उभा राहिला. पहिल्यांदा तो आलेला नव्हता, दुसऱ्यांदा तो येऊन ठेपला होता तरी घर मानायला तयार नव्हतं. दुसऱ्या वेळी निर्णय ज्यावर उभा राहिला ती माहिती पहिल्याच महिन्यापासून लिहून ठेवलेली होती.

जोडी जुळवताना

सत्तरीतल्या माणसाच्या हाती पिल्लू देणं हा आमच्या मते चुकीचा हिशेब आहे. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगेल, पहिलं वर्षभर चपला आणि गादी फाडेल, आणि रस्त्यावर माणसाला ओढत नेईल. दहा वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो, तो जे दाखवतो तेच पुढे मिळतं. मोबदल्यात वर्षं कमी मिळतात, आणि हे काकांना आधीच स्पष्ट सांगण्यात आलं : दोन वर्षं धरा, तीन मिळाली तर चांगलंच. मुलीला ही भाषा खटकली. “बाबांना एवढ्यात पुन्हा हे नको,” असं तिचं म्हणणं. काकांचं उत्तर असं की घरात कोणी जाणार नाही असं घर त्यांनी पाहिलेलं नाही.

दत्तकपत्रावर दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव असणं इथे सक्तीचं ठेवलं होतं. काका इस्पितळात दाखल झाले तर ब्रूनोला जेवण-औषध कोण देणार? शेजारच्या वहिनींनी होकार दिला आणि त्यांनाही पहिल्याच दिवशी औषधांची वेळ समजावून सांगितली. ही अट बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि नेमकी पावसाळ्यातल्या रात्री आठवते.

वय आणि पहिल्या तपासण्या

वयाचा दाखला नव्हता. मागच्या दाढांची झीज, तोंडावरचे पांढरे केस आणि डोळ्यांतला निळसर धुरकटपणा यांवरून दहा वर्षांचा अंदाज बांधला. हा धुरकटपणा म्हणजे मोतीबिंदू नव्हे. भिंग वयाने घट्ट होत गेलं की साधारण सात-आठ वर्षांनंतर तो दिसू लागतो, आणि त्यातून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहतं. मोतीबिंदू पांढरा, अपारदर्शक असतो. दोन्हींत घोळ झाला की धडधाकट डोळ्यांचं कुत्रं “आंधळं” ठरतं आणि निवाऱ्यातच पडून राहतं. ब्रूनोला ऐकू मात्र खरोखरच कमी येत होतं. टाळी वाजवली की मान वळायची, मागून हाक मारली की नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून हाताच्या तीन खुणा ठरवल्या : तळवा खाली म्हणजे बस, हात छातीकडे म्हणजे ये, तळवा समोर म्हणजे थांब. घरी येणाऱ्या प्रत्येकाने याच वापरायच्या.

रक्तात प्लेटलेट १,१०,००० होते. कुत्र्यात ते दोन लाखांच्या वर हवेत. एर्लिकियाची चाचणी सकारात्मक आली. गोचिडीतून येणारा हा ताप गोव्यातल्या दमट हवेत बारमाही आहे, आणि जुना झाला की बाहेरून काहीच दाखवत नाही. डॉक्सीसायक्लिन किलोला १० मि.ग्रॅ., म्हणजे दिवसाला सुमारे २५० मि.ग्रॅ., दोन वेळांत विभागून २८ दिवस. गोळी कोरडी कधी द्यायची नाही, ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. खाण्यात घालून द्यायची आणि वरून पाणी पाजायचं. दहाव्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसतं आणि लोक औषध थांबवतात, हा नेहमीचा घोटाळा इथे वहिनींच्या वहीमुळे टळला.

खरी बातमी मूत्रपिंडांची होती. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, १.६; लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तिचा दाटपणा, १.०१८. क्रिएटिनिन एकटं पाहिलं तर प्रयोगशाळेचा अहवाल त्याला “ठीक” म्हणून गेला असता. पण निरोगी मूत्रपिंड पाणी राखून लघवी १.०३० च्या वर दाट करू शकतं. इथे ती पातळ होती. आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गवारीत क्रिएटिनिन १.४ ते २.८ हा दुसरा टप्पा, २.९ ते ५.० तिसरा, त्यावर चौथा. ब्रूनो दुसऱ्या टप्प्यात आला होता. म्हणजे मूत्रपिंडांचा मोठा भाग आधीच निकामी झालेला होता आणि तो परत मिळणार नव्हता.

त्याच दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या. पहिली, पाणी : सकाळी मोजून दोन लिटर ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. निरोगी कुत्रं किलोला दिवसाकाठी ५० ते ६० मि.लि. पितं, १०० च्या वर गेलं की तपासणी हवीच. दुसरी, वजन : महिन्यातून एकदा, नारळ-सुपारी तोलायच्या काट्यावर. तिसरी गोष्ट थोडी विचित्र वाटते पण शेवटी तीच सर्वांत उपयोगी पडली. ब्रूनोला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी निवडून कागदावर उतरवायच्या. महिनाभर पाहून काकांनी लिहिल्या : वर्तमानपत्रवाल्याच्या स्कूटरला फाटकापर्यंत सामोरं जाणं, बांगडा, आणि संध्याकाळी बाल्कांवच्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, काकांच्या पायाशी बसणं.

रुळताना

नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. म्हाताऱ्या कुत्र्याला पहिले तीन दिवस फार जड जातात. ब्रूनो दोन दिवस जेवला नाही आणि फाटकाशी बसून राहिला. अशा वेळी लाडाने हातातून भरवायला गेलं की त्याची सवय लागते. ताटली ठेवायची, वीस मिनिटांनी उचलायची, पाणी मात्र कायम समोर. तिसऱ्या दिवशी पेजेत कोंबडीचं पाणी घातल्यावर त्याने ताटली चाटून पुसली.

पुढची तक्रार रात्रीची. दोन वाजता उठून दार खरवडायचा, दोनदा पडवीत लघवी झाली. “निवाऱ्यातली वाईट सवय” असा निष्कर्ष निघाला आणि कोणीतरी रात्री आठनंतर पाणी बंद करण्याचा सल्ला दिला. मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याला हा सल्ला जिवावर बेततो. त्याचं शरीर लघवी दाट करूच शकत नाही. पाणी तोडलं तरी लघवी तेवढीच होते आणि रक्त दाट होत जातं. उपाय साधा निघाला : रात्री साडेदहाला एकदा बाहेर, पहाटे साडेपाचला पुन्हा, आणि मधल्या वेळेसाठी पडवीच्या कोपऱ्यात जुनी चादर. काकांना तसंही पहाटे जाग येतच होती.

घरात फार बदल लागले नाहीत. लाल ओतीव जमीन गुळगुळीत, तीवर मागचे पाय फाकत. झोपायच्या जागेपासून ताटलीपर्यंत आणि दारापर्यंत काथ्याच्या पट्ट्या अंथरल्या. तीन पायऱ्यांची उंची मिळून ४५ सें.मी., तिथे दीड मीटर लांबीची फळी टाकून वर गोणपाट खिळवलं. उतार याहून उभा ठेवला तर सांधे दुखणारं कुत्रं फळी टाळून पायरीवरूनच उडी मारतं. नखं तीन आठवड्यांनी कापायची. वाढलेली नखं पंजाला मागे ढकलतात आणि कंबरेवर ताण येतो.

वजन २३ वर आणायचं ठरलं होतं, त्यासाठी दिवसाला सुमारे ७५० कॅलरी. ताटलीत शीत म्हणजे भात, कातडी काढलेली थोडी कोंबडी, अंड्याचा पांढरा बलक, दुधी किंवा भोपळा, चमचाभर तेल. पिवळा बलक, हाडं, कलेजी बंद, कारण त्यांतलं फॉस्फरस मूत्रपिंडांना झेपत नाही. सुकी सुंगटं (कोळंबी) आणि हुमण (माशाची आमटी) पूर्ण बंद : मीठ, कांदा, मसाला. बांगडा आठवड्यातून दोनदा, उकडून, काटे काढून, तळहाताएवढा तुकडा. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर पशुवैद्याने वजनानुसार ठरवून दिली. नुसत्या भात-कोंबडीवर कुत्रं वर्षानुवर्षं निरोगी राहत नाही, कितीही आवडीने खाल्लं तरी.

चार-पाच महिन्यांत वजन २३ झालं, प्लेटलेट सुधारले. काका रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालू लागले. हे त्यांना डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. फाटकाशी थांबलेल्या शेजाऱ्यांशी बोलणं होऊ लागलं. पत्नी गेल्यावर दुपारचं जेवण उभ्या-उभ्या उरकायची सवय लागली होती, ती गेली, कारण एकाच्या ताटलीची वेळ ठरली की दुसऱ्याचीही ठरते. कुत्र्यांच्या सोबतीबद्दल खूप हळवं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग हा असाच वेळापत्रकाचा असतो.

ऑगस्ट : एक गोळी

पहिल्या पावसाळ्यात सांधे आखडले. चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, घर भरलं होतं. ब्रूनो लंगडतोय हे पाहून एका पाहुण्याने स्वतःची डायक्लोफेनॅकची ५० मि.ग्रॅ.ची गोळी लाडवात घालून दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हेतू चांगलाच होता. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, विष्ठा डांबरासारखी काळी.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या पोटाचं अस्तर सोलतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही त्यांतली मुख्य. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने द्यायचं नाही. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडांना वाचवण्यासाठी आली, कुत्र्यांसाठी नाही. पण घराघरातल्या औषधांच्या डब्यात ती गोळी असतेच.

क्रिएटिनिन ३.४ वर गेलं. चार दिवस शिरेतून सलाइन, ओमेप्राझोल, उलटीवरचं औषध. काळी विष्ठा थांबली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.३ वर स्थिरावलं, म्हणजे १.६ पर्यंत परत आलं नाही. जे हरवलं ते दोन गोळ्यांत हरवलं. सांधेदुखीसाठी पुढे गॅबापेंटिन सुरू झालं, मूत्रपिंडांमुळे नेहमीपेक्षा कमी मात्रेत. एक सूचना इथे फार महत्त्वाची : कॅप्सूलच द्यायची. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल नावाचा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष आहे.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटला : “ब्रूनोला काही देण्याआधी काकांना विचारावे.” तो दत्तकाच्या दिवशीच लावायला हवा.

जानेवारी : न आलेला शेवट

एका सकाळी ब्रूनो उठताना डावीकडे कोसळला. मान वाकडी, डोळ्यांची बुबुळं आडवी फडफडत होती, उलटी, उभं केलं की पुन्हा त्याच बाजूला पडणं. सगळ्यांनी “लकवा” म्हटलं. मुलीने फोनवर चित्र पाहिलं आणि ती रडत म्हणाली, “बाबा, त्याला आता सोडवा.” संध्याकाळपर्यंत निर्णय जवळजवळ झाला होता.

तपासणीत चारही पायांत जोर होता, पंजा उलटा ठेवला की तो लगेच सरळ करत होता. म्हणजे मेंदूच्या आत काही बिघडल्याची खूण नव्हती. हा आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका होता, वयस्कर कुत्र्यांत बऱ्याचदा कारण न सापडता येणारा. दिसतो भयंकर, पण ४८ ते ७२ तासांत उतरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालू लागतं. मान थोडी तिरकी राहू शकते. म्हणून नियम असा की पहिल्या तीन दिवसांत, कुत्रं शुद्धीवर आहे आणि पायांत जोर आहे तोवर, कायमचा निर्णय घ्यायचा नाही. नेमक्या याच झटक्यात बरी होऊ शकणारी कितीतरी म्हातारी कुत्री “सोडवली” जातात.

तीन दिवस त्याला भिंत आणि तक्क्यांच्या मध्ये ठेवलं, दिवा चालू, कारण नजरेने जमीन दिसली की गरगरणं कमी होतं. उलटीवर औषध, पाणी सिरिंजने ओठाच्या कडेने, थोडं थोडं. बाहेर नेताना पोटाखालून पंचा. चौथ्या दिवशी तो आधाराने उभा राहिला, अकराव्या दिवशी वर्तमानपत्राला सामोरा गेला, जरा तिरपा.

झटक्याचं कारण शोधताना रक्तदाब मोजला तो १७५ निघाला. मूत्रपिंडांच्या विकारात तो बऱ्याचदा वाढतो, आणि १६० च्या वर राहिला तर डोळ्याचा पडदा, मेंदू, हृदय सगळ्यांना धोका. अ‍ॅम्लोडिपिन २.५ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा सुरू झालं. ही चाचणी आधीच व्हायला हवी होती, पण लहान जनावरांचा रक्तदाब मोजण्याचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं. विचारूनच जावं.

एप्रिल ते जून

मार्चपासून पाण्याचा आकडा तीन लिटरच्या घरात गेला, वजन २१ खाली. एप्रिलमध्ये क्रिएटिनिन ४.१. पाण्याची कमतरता भरून काढण्यासाठी कातडीखाली रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाइन, सुरुवातीला दिवसाआड २०० मि.लि. हृदय आधी तपासून घेतलं. हृदय कमकुवत असेल तर हेच पाणी फुफ्फुसांत साचतं.

घरी द्यायची रीत अशी. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, मनगटावर थेंब टाकून ऊन पाहायचं. कुत्र्याच्या डोक्यापासून मीटरभर वर खिळ्याला टांगायची. नळीतली हवा काढायची. खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत वर उचलली की तंबू होतो, त्याच्या पायथ्याशी १८ गेजची नवी सुई आडवी सरकवायची. दहा मिनिटांत २०० मि.लि. जातं, उंचवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पायाला सूज आली म्हणून घाबरायचं नाही. सुई दर वेळी नवी, वापरलेली जाड प्लास्टिकच्या डब्यात. आणि औषधाच्या दुकानातून बाटली घेताना लेबल वाचायचं : ग्लुकोजचं सलाइन कातडीखाली द्यायचं नाही, तिथे पू धरतो. काकांचा हात थरथरायचा, म्हणून सुई वहिनी टोचत आणि काका तोंडाशी बसून राहत. कामाची वाटणी चांगली जमली.

मेच्या अखेरीस हे रोज २५० मि.लि. वर गेलं तरी जेवण कमी होत गेलं. तोंडाला अमोनियाचा वास, हिरड्यांवर व्रण, ताटलीपाशी येऊन ओठ चाटून परत जाणं. ही भूक नसण्यापेक्षा मळमळीची खूण आहे, आणि मळमळीवर औषध दिल्याशिवाय भुकेवरचं औषध देण्यात अर्थ नाही. मळमळ आटोक्यात आल्यावर आठवडाभर तो जेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन ७.८, वजन १७.८.

इथे घरात तीन मतं झाली. मुलगा म्हणे पणजीला दाखल करा, सलाइन लावा, पैशांचं बघतो. जानेवारीत “सोडवा” म्हणणारी मुलगी आता म्हणत होती, तेव्हाही तुम्ही शेवट म्हणालात आणि तो उठला. काकांचं म्हणणं, “तो आपल्या पायाने जाईल, मी त्याचा जीव घेणार नाही.”

तिघांनाही वेगळी उत्तरं लागतात. मुलाला : सलाइनने ऑगस्टमध्ये क्रिएटिनिन उतरलं कारण तेव्हाचा मार ताजा होता. आता कामाचा भागच उरलेला नव्हता. दाखल केल्याने दोन-तीन दिवस मिळाले असते, ते पिंजऱ्यात. मुलीला : जानेवारीतला आजार बरा होणारा होता, हा नाही, आणि वही ते दाखवते. पाणी, वजन, क्रिएटिनिन या तीन रेघा एकाच दिशेने चाललेल्या. काकांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. कित्येक घरांत हीच भावना असते आणि तिचा मान राखूनच बोलावं लागतं. पण “आपल्या पायाने जाणं” हे मूत्रपिंडांच्या शेवटच्या टप्प्यात झोपेत होत नाही. उलट्या, तोंडातले व्रण, स्नायू उडणं, कधी झटके, असे काही दिवस जातात. तसं ठरवलंच तर मळमळ आणि वेदना यांवर दिवसरात्र औषध, दर चार तासांनी कूस बदलणं आणि रात्री-अपरात्री येणारा पशुवैद्य, एवढं हाताशी हवं. नसेल तर तो निर्णय कुत्र्याच्या वाट्याला फक्त वेदना ठेवतो.

अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी ० (वाईट) ते १० (उत्तम), बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. काकांनी स्वतः भरली, बेरीज २१ आली. पण त्यांना पटलं ते आकड्याने नाही. दीड वर्षापूर्वीचा कागद काढला : स्कूटरला सामोरा जाणं थांबून बारा दिवस झाले होते, बांगडा सहा दिवस. कालनिर्णयावर चांगल्या दिवसाला बरोबरची आणि वाईटाला फुलीची खूण करत होते, तीत सलग पाच फुल्या होत्या. तीनपैकी दोन गोष्टी गेल्या की वेळ आली असं पहिल्या महिन्यात त्यांनीच मान्य केलं होतं. “सोप्यावर बसणं आहे अजून,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

तो दिवस

घरीच करायचं ठरलं. शरीरातलं पाणी आटलेल्या कुत्र्याची शीर सापडत नाही आणि शेवटच्या क्षणी चार वेळा टोचणं सगळ्यांच्याच लक्षात राहतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच पायात कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसवून पट्टी बांधली. संमतीपत्रावर सही तेव्हाच. पैशांचा व्यवहारही तेव्हाच उरकला.

आधी गुंगीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांत गाढ झोप. मग कॅन्युलातून भूल देणाऱ्या औषधाची जास्त मात्रा, हृदय काही मिनिटांत थांबतं. घरच्यांना आधी सांगून ठेवायचं : डोळे उघडेच राहतात. नंतर एक-दोन खोल उसासे येऊ शकतात, त्वचा थरथरते, लघवी होते. हे माहीत नसेल तर “तो जिवंत होता” हा काटा वर्षानुवर्षं सलतो. खाली प्लास्टिक आणि त्यावर त्याची रोजची चादर होती. ठोके थांबल्याची खात्री पशुवैद्याने दोनदा, पाच मिनिटांच्या अंतराने केली. मुलं फोनवर होती. मुलाला पाहायचं नव्हतं, त्याने फक्त ऐकलं. तसंही चालतं.

जागा

जूनमध्ये गोव्यात खड्डा खणणं हे वेगळंच प्रकरण. वर हातभर माती, खाली जांभा, आणि कुळागराच्या खालच्या भागात तीन फुटांवर पाणी लागतं. पाण्यात पुरलं तर शरीर नीट विघटित होत नाही आणि विहीर दूषित होते. जागा मेमध्येच पाहून ठेवली होती : वरच्या अंगाला, पण विहिरीच्या दिशेने उतार नसलेली, विहिरीपासून ३० मीटरहून दूर. जमीन भाटकाराची (जमीनदाराची) किंवा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) असेल तर आधी विचारावं लागतं. इथे ती काकांच्या नावावर होती.

कुदळ-पहारीने चार फूट. शरीर सुती कापडात, प्लास्टिक नाही. वर दीड फूट माती, मग चिऱ्यांचे तुकडे, मग उरलेली माती. भटकी कुत्री आणि रानडुकरं उकरतात, आणि भुलेच्या औषधाचा अंश शरीरात राहतो. ते मांस खाणारं जनावर दगावू शकतं. मीठ आणि चुना घालण्याची पद्धत आहे, पण दोन्हींनी विघटन मंदावतं. वास येऊ नये म्हणून खोली पुरेशी असली की बस.

नंतर

माणूस गेला की सुतक असतं, लोक येतात, दिवस ठरलेले असतात. कुत्र्यासाठी यातलं काही नाही. तिसऱ्या दिवशी “दुसरं आणा की” सुरू होतं. समाजाने न मानलेल्या शोकावर शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात काम केलं. पाळीव जनावराचं जाणं हे त्याचं ठळक उदाहरण मानतात. काकांच्या बाबतीत आणखी एक पदर होता : पत्नीचं दुःख ज्या वेळापत्रकाने सांभाळलं गेलं होतं, ते वेळापत्रकच गेलं.

पहाटे साडेपाचला ते उठत आणि करायला काही नसे. चालणं बंद झालं, दुपारचं जेवण पुन्हा उभ्याने. मुलीने रजा टाकून आठ दिवस काढले आणि एकच गोष्ट धरून ठेवली : दोन्ही वेळचं चालणं, त्याच रस्त्याने, कुत्र्याविना. पहिले दोन दिवस लोक “ब्रूनो कुठे?” विचारत, ते अवघड गेलं. पण प्रत्येकाला सांगून झाल्यावर प्रश्न संपले. पशुवैद्याने पानभर सारांश लिहून दिला, तारखा आणि आकड्यांसह, कारण “आणखी आठवडाभर थांबलो असतो तर” हा विचार रात्री येतो आणि त्याला कागदावरचं उत्तर लागतं. झोप आणि भूक दोन-तीन आठवड्यांत रुळावर आली नाही, रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागल्या, जगण्यात राम नाही असं बोलणं झालं, तर डॉक्टरांकडे जायचं किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करायचा, हे वहिनींना सांगून ठेवलं होतं. काकांना त्याची गरज पडली नाही.

न उघडलेल्या रिंगर लॅक्टेटच्या बाटल्या आणि सुया निवाऱ्याला परत गेल्या, उघडलेली औषधं टाकून दिली. ऑगस्टमध्ये निवाऱ्याने विचारलं की नऊ वर्षांची एक कुत्री पावसाळा सरेपर्यंत ठेवाल का, दत्तक नाही, नुसती सांभाळायला. काका म्हणाले, “चवथीनंतर.” मधल्या काळात चिऱ्याच्या भिंतींच्या फटी औषध फवारून सिमेंटने भरून घ्यायच्या आहेत, कारण तपकिरी गोचीड कुत्र्याविना कित्येक महिने फटीत तग धरते. काथ्याच्या पट्ट्या उन्हात घालायच्या, आणि ती यायच्या आधी तिच्या लघवीची तपासणी क्रिएटिनिनसोबत मागून घ्यायची. दारावरचा कागद अजून तिथेच आहे, त्यावरचं नाव तेवढं बदलावं लागेल.